नेलच्या तोंडावरची प्लेट : घाटकटिंगवर नव्याने आलेल्यांसाठी

कोकणात घाटरस्त्याच्या किंवा रेल्वेच्या कटिंगवर सॉइल नेलिंग, म्हणजे माती धरून ठेवायला उतारात लोखंडी सळया (नेल) रोवण्याचं काम चालू असतं, तेव्हा नवीन ज्युनियर इंजिनिअरला सहसा ड्रिलिंगवर उभं करत नाहीत. टेप आणि रजिस्टर हाती देऊन नेलच्या तोंडावरच्या प्लेटा तपासायला पाठवतात. हे काम मन लावून करा. नेल, शॉटक्रीट (उतारावर जोराने फवारलेलं काँक्रीट) आणि मागची माती या तिघांचा हिशेब त्या वीतभर लोखंडावर एकत्र येतो. डिझाइन समजून घ्यायला याहून चांगली जागा साइटवर नाही.

कटिंग वरून खाली, एका वेळी दीड-दोन मीटर उतरत जातं. १०० ते १५० मिमीचं भोक, त्यात २५ किंवा ३२ मिमीची सळई, सिमेंटचं ग्राउट (भोक भरणारं पातळ मिश्रण), मग जाळी, शॉटक्रीट, प्लेट, वॉशर, नट. क्रम एवढाच.

नेल बसवताना त्यात ताण भरलेला नसतो. रॉक अँकर बसवतानाच ताणून ठेवतात, म्हणून त्यावर काम केलेली माणसं इथे घोळ घालतात. माती किंचित सरकू लागली की नेल ती धरतो आणि मग त्याला ताण येतो. सगळ्यात जास्त ताण आत कुठेतरी असतो, पण त्यातला बराचसा तोंडापर्यंत पोहोचतो. समजा तिथे १०० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १० टन आले. २०० बाय २०० मिमीच्या प्लेटखाली ते चौरस मिलिमीटरला २.५ न्यूटन इतके पसरतात. प्लेट नसेल तर हाच भार नटाखालच्या चिमूटभर जागेवर येईल आणि नट शॉटक्रीट फोडून आत जाईल. प्लेट पातळ असली तर ती मधोमध वाकते आणि भार पुन्हा मध्येच गोळा होतो, म्हणून जाडी साधारण २० ते २५ मिमी. प्लेटमागे जाळीवर दोन जादा आडव्या सळ्या दाखवलेल्या असतात. शॉटक्रीट मारल्यावर त्या दिसणार नाहीत, तेव्हा आधीच बघून घ्या.

आता कोनाचं गणित. नेल आडव्यापासून १५ अंश खाली गेलाय आणि कटिंग ७५ अंशांचं आहे, तर प्लेट नेलला बरोबर काटकोनात बसते. कटिंग उभं, ९० अंशांचं असेल तर १५ अंशांचा फरक पडतो. ४५ अंशांच्या उतारावर ३० अंशांचा, आणि तोही उलट बाजूला. कागदावर एकदा काढून बघाच. फरक राहिला की नट एका कडेवर टेकतो आणि सळईला भार वाकडा येतो. थोडा फरक गोलसर बुडाचा किंवा तिरका वॉशर सांभाळतो, जास्त असेल तर प्लेटची बैठकच तशी घडवावी लागते. साधा चपटा वॉशर टाकून 'बसतंय की साहेब' म्हणणारा फिटर भेटेल. तो अनुभवी असला तरी तिथे मान डोलावू नका.

बैठकीसाठी वेळ महत्त्वाची. शॉटक्रीट ओलं असतानाच प्लेट दाबून बसवायची आणि नट पान्याने हाताने आवळायचा, म्हणजे मागे पोकळी राहत नाही. शॉटक्रीट सुकल्यावर प्लेट आली तर खाली आकुंचन न पावणाऱ्या मॉर्टरचा थर हवा. शॉटक्रीट मारण्याआधी सळईच्या आट्यांवर प्लास्टिकची नळी चढवली आहे का तेही बघा. आट्यांत सिमेंट बसलं की नट अडतो, मग कोणीतरी नट सळईला वेल्डच करून टाकू म्हणत वेल्डिंग मशीन आणायला निघतं. तिथे काम थांबवून सीनियरना बोलवा.

कोकणात वर जांभा, खाली मऊ चिकण माती असं कटिंग खूप ठिकाणी आहे. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपून त्या सांध्यावर साठतं, म्हणून तिथल्या ओळीतल्या प्लेटा पावसाळ्यात वेगळ्या बघाव्यात : भोवती केसासारखी चीर, गंजाचा ओघळ, शेजारची निचऱ्याची नळी कोरडी पडलेली. पाऊस असूनही नळी कोरडी असेल, तर आधी ती तुंबली आहे का ते तपासा.

पुढच्या थराखाली प्लेट झाकली जाण्याआधी नेल नंबर, तारीख, वॉशरचा प्रकार आणि फोटो रजिस्टरला लावा. आणि पुल टेस्टच्या (नेल ओढून बघायच्या चाचणीच्या) दिवशी डायल गेज, म्हणजे बारीक सरक मोजणारं काट्याचं उपकरण, वाचायचं काम मागून घ्या. डिझाइन भाराच्या दीडपट भार धरून ठेवल्यावर पहिल्या ते दहाव्या मिनिटात सळई किती सरकते ते त्यात मोजतात. एक मिलिमीटरच्या आत राहिली तर ठीक, नाहीतर भार तासभर धरून पुढची वाचनं घ्यावी लागतात.