कारवान कुत्री टाइल्सवर चालायला लागली
नेरूळच्या घरी दत्तक आणलेली आमची कारवान या सडपातळ शिकारी जातीची कुत्री गुळगुळीत टाइल्सवर पाऊलच टाकेना. पाय फाकायचे, मग दारातच थरथरत उभी. पशुवैद्यांनी सांधे तपासले, ते ठीक होते. नखं मात्र फार वाढलेली, त्यामुळे तळव्याची पकड सुटत होती. दर आठवड्याला टोकं थोडी थोडीच कापली; एकदम कापली तर आतली रक्तवाहिनी कापली जाते, हळूहळू कापली की ती मागे सरते. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी तळाची पायपुसणी सलग अंथरली, त्यांवर उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवले. ओढलं अजिबात नाही. घाबरलेल्या जनावराला ओढणं मला क्रूरच वाटतं. झोपायला जाड गोधडी दिली, कारण या जातीच्या अंगावर चरबी कमी, कोपरांना घट्टे पडतात. आता ती स्वयंपाकघरापर्यंत येते. जिना अजून बाकी आहे.