बँड कॅम्पच्या आधीचे तीन आठवडे

माझी मोठी लेक नववीत जाणार होती, त्या उन्हाळ्यात आम्ही शनिवारी रात्री पुण्याहून डॅलसला उतरलो आणि सोमवारी सकाळी पावणेसातला मी तिला मार्चिंग बँडच्या, म्हणजे मैदानावर चालत, आकृत्या करत वाजवणाऱ्या बँडच्या, उन्हाळी सराव कॅम्पसाठी शाळेच्या बँड हॉलच्या दारात सोडलं. पाच आठवडे ती पुण्याच्या पावसात होती. अंगाला ऊन माहीत नाही आणि झोपेचं घड्याळ साडेदहा तास उलटं फिरलेलं. मंगळवारी दहाच्या सुमाराला ती डांबरावर उभ्या उभ्या खाली बसली आणि तिला उठता येईना. तिच्या सेक्शन लीडर (एका वाद्याच्या गटाची प्रमुख) मुलीने तिला सावलीत नेलं, मानेवर थंड टॉवेल ठेवले आणि अर्ध्या तासात ती सावरली. पण फोन आल्यापासून मी शाळेत पोचेपर्यंतची बारा मिनिटं मला अजून आठवतात. चूक आमच्या तिकिटांची होती.

यंदा माझा धाकटा लेक ट्रॉम्बोन हे वाद्य घेऊन नववीत जातोय. ओळखीतल्या आणखी तीन मराठी घरांतली मुलंही पहिल्यांदाच कॅम्पला निघालीत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: काय काय विकत घ्यायचं? ते सांगतेच, पण आधी तिकिटांचं बोलू. कॅम्प सुरू व्हायच्या किमान दोन, जमलं तर तीन आठवडे आधी परत या. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि हृदयावरचा ताण उतरतो. हे एसीत बसून होत नाही. शाळेचं कॅम्पचं वेळापत्रक बहुधा वसंतातच हातात येतं. ते पाहूनच भारताची तिकिटं काढा. आजी-आजोबांना चार दिवस कमी मिळतील याचं वाईट वाटतं, मलाही वाटलं, तरीही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हा राहायचा कॅम्प नाही. जुलैच्या अखेरीला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मुलं रोज आपल्याच शाळेत जातात. आमच्याकडे सकाळी ७ ते ११ पार्किंगच्या डांबरावर चालण्याचा सराव, मग जेवण, मग ४ वाजेपर्यंत आत वाद्यांचा सराव. टेक्सासमध्ये शाळा सुरू झाली की शाळेच्या वेळेबाहेरच्या सरावाला आठवड्याला ८ तासांची मर्यादा असते. म्हणून पायाभूत सगळं कॅम्पमध्येच बसवून घेतात. नोव्हेंबरात सॅन अँटोनियोच्या अलामोडोम स्टेडियममध्ये राज्य स्पर्धेला उतरणाऱ्या बँडचा पाया याच डांबरावर घातलेला असतो. ‘वाजवायला जातोय, मजा करून येईल’ असं समजून पाठवू नका. एखाद्या खेळाच्या संघात जाणाऱ्या मुलाची तयारी करून घ्याल तशीच याची करून घ्या.

मी कॉलेजात असताना पुण्यात तीन वर्षं पथकात ढोल वाजवला. नदीपात्रातला सराव गणपतीच्या दोन महिने आधी सुरू व्हायचा आणि पहिल्या आठवड्यात नव्या मुलींना दादा लोक अर्धा तासच ढोल बांधू द्यायचे. कंबर आणि खांदे हळूहळू तयार होतात, हे तिथे कुणी पुस्तकात वाचलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. इथेही तसंच करा. पहिला आठवडा रोज संध्याकाळी २० मिनिटं बाहेर भरभर चालणं. दुसऱ्या आठवड्यात सकाळी नऊच्या उन्हात ३०-४० मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात तासभर, आणि त्यातली दहा मिनिटं वाद्य हातात धरून. मूल एकटं जाणार नाही, तुम्हीही सोबत चाला. उन्हातून आल्यावर चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी असेल तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करा.

आता पावलं. पथकात आपण नजर समोर ठेवून ठेक्यावर पुढे सरकतो, पाऊल किती लांब पडलं ते कुणी मोजत नाही. इथे सगळं त्यावरच उभं आहे. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर ५ यार्डांवर पांढरी रेघ असते आणि दोन रेघांमधलं अंतर बरोबर ८ पावलांत कापायचं. ५ यार्ड म्हणजे १५ फूट, म्हणून एक पाऊल साडेबावीस इंचांचं, साधारण ५७ सेंटिमीटर. उंच मुलाला ते आखूड वाटतं, लहानखुऱ्या मुलीला ताणावं लागतं. घराच्या ड्राइव्हवेवर टेप लावून १५ फुटांवर खडूने दोन रेघा मारा. मोबाइलवर मेट्रोनोम (एका लयीत ठोके देणारं अॅप) मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा. डाव्या पायाने सुरुवात, टाच आधी, पंजा वर उचललेला, मग तळवा गुंडाळी उलगडावी तसा जमिनीवर. आठव्या ठोक्याला पाऊल दुसऱ्या रेघेवर पडलं पाहिजे, आणि खाली न बघता. उलटं चालताना टाचा जमिनीला लावायच्या नाहीत, पंजांवरच. हे रोज १५ मिनिटं केलं की पोटऱ्या आधीच दुखून घेतात आणि कॅम्पमध्ये मूल निदान गोंधळून जात नाही. शाळेची पद्धत थोडी वेगळी निघाली तर शिक्षक सांगतील तेच खरं. घरचं मोडायला एक दिवस पुरतो.

प्रत्येक मुलाला मैदानावरची आपली जागा आकड्यांत मिळते. तिला डॉट म्हणतात. ‘४० च्या रेघेच्या बाहेर ४ पावलं, पुढच्या हॅशच्या मागे ६ पावलं’ असं काहीतरी लिहिलेलं असतं (हॅश म्हणजे मैदानावरच्या आखूड खुणांची ओळ). एका सादरीकरणात असे कितीतरी डॉट. लेकीने पहिल्या वर्षी ते एका छोट्या वहीत लिहून दोरीने गळ्यात अडकवले होते. हल्ली मोबाइल अॅपही असतं, पण घामेजल्या बोटांनी उन्हात पडदा वाचता येत नाही. वही घ्याच, आणि पेन्सिल. शाई घामाने पसरते.

वाद्याबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगते. लाकडी क्लॅरिनेट असेल तर ते मैदानावर नेऊ नका. उन्हाने लाकडाला तडे जातात. मार्चिंगसाठी प्लॅस्टिकचं क्लॅरिनेट शाळेकडे मागा किंवा जुनं घ्या. कुठलंही वाद्य बंद गाडीत ठेवायचं नाही, दहा मिनिटांसाठीही नाही. क्लॅरिनेट-सॅक्सोफोनला ३-४ चांगल्या रीड (तोंडाकडे लावायची पातळ पट्टी) आलटून पालटून वापरायला आणि कॉर्कचं ग्रीस. ट्रम्पेटला व्हॉल्व्ह ऑइल, ट्रॉम्बोनला स्लाइडचं तेल. ड्रमलाइनमधल्या, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्या, मुलांना कानात घालायचे प्लग द्या. ते घालायला लाजतात, तरी द्या. शोचं संगीत आधी मिळालं तर ८-८ मेझरचे (तालाच्या आवर्तनांचे) तुकडे करून पाठ करून घ्या. कॅम्पच्या पहिल्या आठवड्यात पाय आणि डोकं दोन्ही नव्या गोष्टींनी भरलेलं असतं, त्यात सूर शोधायला जागा उरत नाही. आणि आरशासमोर वाद्य वर धरून पाच मिनिटं नुसतं उभं राहायला लावा. दंडांना कळेल.

बूट सवयीचे हवेत, निदान दोन आठवडे वापरलेले. पळायचे चांगले बूट चालतात, सपाट कॅनव्हासचे नकोत. कॅम्पच्या आदल्या दिवशी नवे कोरे घालून दिले तर पहिल्याच संध्याकाळी टाचेला फोड. सुती मोजे ओले झाले की घासतात, म्हणून घाम सोडून देणारे घ्या आणि पिशवीत एक जादा जोड ठेवा. फिक्या रंगाचा पातळ टी-शर्ट, कडा असलेली टोपी, गॉगल. गणवेशाचं माप बहुधा कॅम्पमध्येच घेतात, तेव्हा आत घालायला आखूड चड्डी असू द्या. मुलींना पॅड आणि एक काळी चड्डी वेगळ्या थैलीत भरून द्या, तारीख जवळ नसली तरी. केस घट्ट वेणीत. सनस्क्रीन ३० एसपीएफच्या वरचं, घरातून निघताना लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा, कानांच्या पाळ्या आणि मान विसरायची नाही. आमच्याकडे आलेल्या आजी म्हणाल्या, ‘पोर काळवंडेल गं.’ काळवंडू दे. सनस्क्रीन भाजू नये म्हणून आहे, रंगासाठी नाही, आणि हे मी लेकीसमोरच आजींना सांगितलं.

पाण्याचं भांडं एक गॅलनचं, म्हणजे पावणेचार लिटरचं, झडप असलेलं आणि नाव लिहिलेलं. अर्धं बर्फाने भरा. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, तहान लागायची वाट न बघता. नुसतंच पाणी ढोसलं तर अंगातलं मीठ पातळ होतं, म्हणून दुसऱ्या छोट्या बाटलीत मिठाचं काहीतरी द्या. मी आपलं शाळेत शिकलेलंच करते: एक लिटर पाण्यात ६ लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ, वर लिंबू. धाकट्याला कोकम सरबत आवडतं, त्यातही मीठ-साखर असतेच. सकाळी उपाशी पाठवायचं नाही. साडेपाचला पोटात काही जात नसेल तर केळं आणि शेंगदाण्याची चिक्की. डब्यात दहीभात बर्फाच्या पॅकसोबत, किंवा पोळीचा रोल. तळणीचं आणि पनीरची दाट भाजी नको. जेवणानंतरही फुंकायचं असतं, जड पोटाने श्वास पुरत नाही.

झोप मी पाण्याच्या बरोबरीने मोजते. शेवटच्या आठवड्यात साडेनऊला दिवा बंद आणि पहाटे साडेपाचला उठणं. मोबाइल स्वयंपाकघरात. या एका गोष्टीवर आमच्या घरात भांडणं झाली आणि मी मागे हटले नाही.

डॉक्टरांच्या सहीचा तपासणीचा फॉर्म लागेल. जुलैत अपॉइंटमेंट मिळत नाही, मेमध्येच घ्या. दमा असेल तर पंप पिशवीत, आणि कुठल्या कप्प्यात आहे ते सेक्शन लीडरला माहीत हवं.

मुलाला समोर बसवून हे शिकवा: चक्कर, मळमळ, डोकेदुखी, खूप घाम आणि गळून जाणं ही उष्णतेचा त्रास सुरू झाल्याची खूण. तेव्हा हात वर करायचा आणि सावलीत जायचं. शेजारचा मुलगा असंबद्ध बोलायला लागला, अडखळला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात. लगेच मोठ्यांना हाक, ९११ ला (इथला तातडीच्या मदतीचा नंबर) फोन, आणि ते येईपर्यंत बर्फाच्या पाण्याने अंग थंड करत राहायचं. आपली मुलं ‘मी ठीक आहे’ म्हणण्यात पटाईत असतात. बसलेलं चालतं, असं लेकीला मी आधीच सांगितलं असतं तर ती त्या मंगळवारी पंधरा मिनिटं आधी बसली असती.

तिसऱ्या दिवशी बहुतेक मुलं गाडीत बसल्यावर रडतात. ‘सोडून देऊ का?’ विचारतात. तेव्हा उत्तर देऊ नका. आधी जेवू घाला, झोपू द्या, शुक्रवारी विचारा. लेक शुक्रवारी त्या प्रश्नाबद्दल बोललीच नाही, तिच्या सेक्शनच्या मुलींच्या गप्पा सांगत होती.

आणि एक, गणपतीचं. शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना, शनिवारी स्पर्धा, असं सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत चालतं. मंडळाचा उत्सव त्यातल्या एका शनिवारी हमखास येतो. बँडच्या वेळापत्रकाचा कागद फ्रिजवर लावा आणि प्रतिष्ठापनेच्या दिवसाबद्दल कॅम्पच्या पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना लेखी कळवा. आमच्या शिक्षकांनी दर वर्षी समजून घेतलं, कारण आयत्या वेळी सांगितलं नाही.

कॅम्पच्या शेवटच्या संध्याकाळी बहुतेक शाळा पालकांना शोचा पहिला तुकडा दाखवतात. पुढच्या रांगेत धावू नका. स्टँडच्या अगदी वरच्या पायऱ्यांवर बसा. खालून फक्त मुलं चालताना दिसतात, वरून आकृत्या उमटताना दिसतात आणि त्यात आपलं मूल कुठे आहे ते त्याने सांगितलेल्या रेघेवरून शोधता येतं. त्याचा एक तरी डॉट पाठ करून जा.