सोसायटीची होळी: जागेपासून राखेपर्यंत, आणि मधली जबाबदारी कोणाची

होळी पेटवायचा मान कोणाचा यावरून सोसायटीत दरवर्षी रुसवेफुगवे होतात. पण काही बिनसलं तर उत्तर कोण देणार, हे कोणी विचारत नाही. बऱ्याच जणांचा समज असतो की ते महापालिका बघेल. पालिकेचं काम खात्याखात्यांत वाटलेलं असतं. झाडं उद्यान खात्याकडे, कचरा घनकचरा विभागाकडे, आग हाताबाहेर गेली तर अग्निशमन दल. रस्ता आणि लाउडस्पीकर पोलिसांच्या अखत्यारीत. तुमच्या होळीपाशी उभं राहायला यांपैकी कोणीच येत नाही, ते आयोजकांनाच करावं लागतं. खालचा क्रम मुंबई-ठाणे-पुण्यासारख्या शहरांतल्या सोसायट्यांसाठी आणि मंडळांसाठी आहे.

१. नावं ठरवा. पौर्णिमेच्या दोनेक आठवडे आधी कमिटीच्या बैठकीत विषय घ्या आणि इतिवृत्तात नावं लिहा: लाकूड कोण आणणार, आगीपाशी कोण थांबणार, राख कोण उचलणार. ‘सर्व सभासद’ असं लिहिलंत तर आयत्या वेळी कोणीच सापडत नाही. आगीबाबत हलगर्जी करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. होळी आवाराबाहेर, रस्त्यावर करणार असाल तर पोलीस ठाण्यात आणि वॉर्ड ऑफिसात आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आवारातच करणार असलात तरी वॉर्ड ऑफिसात एकदा विचारून घ्या, कारण सूचना शहरागणिक बदलतात.

२. जागा बघताना मान वर करा. सगळे जमिनीकडे बघून मोकळी जागा शोधतात, पण धोका बहुतेक वेळा डोक्यावर असतो. या इमारतीतून त्या इमारतीत गेलेल्या इंटरनेटच्या केबली, पताका, पावसाळी झाडाची पसरलेली फांदी, पहिल्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे. विजेच्या तारांखाली किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ होळी करू नका, असं महावितरण दरवर्षी बजावतं. पाइप गॅस असेल तर लाइन आणि व्हॉल्व्ह कुठे आहेत ते वॉचमनला नव्हे, सेक्रेटरीला विचारा.

खाली पेव्हर ब्लॉक असतील तर वाळूचा किंवा मातीचा चांगला जाड थर द्या. ओल धरलेलं काँक्रीट तापलं की त्याचे कपचे उडतात. डांबरावर थर नसेल तर ते वितळतं. आसपासच्या गाड्या दुपारीच हलवायला सांगा. अग्निशमन दलाची गाडी यायची वाट कुठल्याही परिस्थितीत अडता कामा नये, मग ती चेअरमनसाहेबांच्या गाडीने का अडेना.

३. लाकूड पावतीचं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे. एक हजार ते पाच हजार रुपये दंड आणि एक आठवडा ते एक वर्ष कैद, असा इशारा मुंबई महापालिका होळीआधी देते. म्हणून वखारीतून विकत घ्या आणि पावती जपून ठेवा, तक्रार झाली तर तीच कामाला येते. कोणी झाड तोडताना दिसलं तर मुंबईत १९१६ वर कळवता येतं.

गोवऱ्या जास्त, लाकूड कमी, मधे एरंड. माझ्या मते कमरेएवढी होळी सोसायटीला पुरे. जुनं सनमायका लावलेलं फर्निचर, थर्माकोल, टायर यातलं काही आत जाऊ देऊ नका. अडगळ काढायला लोकांना हीच रात्र सापडते. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई वसूल करावी, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६ चा आदेश आहे.

४. पेटवण्याआधी. वाळूच्या बादल्या, पाण्याचा पाइप, अग्निशामक नळकांडं. त्याच्या मीटरचा काटा हिरव्या पट्टीत आहे का ते त्याच दिवशी बघा. पेट्रोल-रॉकेल अजिबात नको. पेट्रोलची वाफ ओतणाऱ्याच्या हाताशीच पेट घेते. कापूर आणि तूप पुरतं. चुन्याने गोल रिंगण आखा, प्रदक्षिणा त्याच्या बाहेरून.

मुहूर्तही बघा. २०२५ साली भद्रेमुळे (पंचांगात अशुभ मानलेला काळ) पंचांगातला मुहूर्त रात्री अकराच्या पुढे गेला होता. लाउडस्पीकर दहाला बंद करायचा असतो, आणि त्या वेळेला पोरं पेंगुळलेली आणि काही मोठी माणसं वेगळ्याच रंगात असतात. तेव्हा आगीपाशी थांबणारे दोघं न प्यायलेले हवेत, हे आधीच स्पष्ट सांगा.

५. आग चालू असताना. बायकांनी पदर खोचावा, ओढण्या गाठ मारून घ्याव्यात. सिंथेटिक कापड नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. आणि नारळ! आतलं पाणी उकळून अख्खा नारळ फुटू शकतो, आणि भाजलेला नारळ ओढून काढायला पोरं निखाऱ्यांत हात घालतात. हे काम एकाच मोठ्या माणसाकडे द्या, हातात लांब बांबू किंवा लोखंडी आकडी. पोरांनी लांबून खुशाल बोंबा माराव्यात.

कोणी भाजलं तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, तूप, शाई काही लावू नका. भाजलेली जागा मोठी असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर थेट दवाखाना. आग रिंगणाबाहेर गेली तर १०१ ला फोन करा, व्हिडिओ नंतर.

६. राख. वरून पांढरी दिसणारी राख आतून सकाळपर्यंत धगधगत असते, आणि धुळवडीला पोरं अनवाणी तिथेच धावतात. झोपायला जाण्याआधी पाणी मारा, काठीने उकरा, परत पाणी मारा. घरी निखारा न्यायची पद्धत असेल तर झाकणाच्या लोखंडी भांड्यातून न्या, प्लॅस्टिकच्या बादलीतून नको. सकाळी हात लावून गार लागली तरच भरा. गरम राख डब्यात टाकली की कचरागाडीपर्यंत आग पोचते. गोवऱ्यांची निव्वळ राख थोडीथोडी बागेतल्या मातीत मिसळता येते. खिळे आणि अर्धवट जळलेले ओंडके मात्र वेगळे काढून सफाई कामगारांना सांगूनच द्या.