रॅक यायच्या आधी : साईटवरच्या या चुका टाळा

रॅक, म्हणजे नेटवर्कचं सामान ठेवायचं लोखंडी कपाट, बसवायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : "दादा, संध्याकाळपर्यंत नेट चालू होईल ना?" खोली तयार आहे का, ते कोणी बोलत नाही. मराठवाडाभर तेच ते बघून वैताग आलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त घोळ अर्थिंगचा. "अर्थिंग आहे ना" म्हणणाऱ्यांपैकी मोजलेलं कोणीच नसतं. जालना जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत नेटवर्क स्विचचे पोर्ट (केबल लावायच्या जागा) एकेक करून मरत होते. कंपनीला शिव्या घालून झाल्या, स्विच बदलून झाला, नवाही तसाच. मल्टीमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये 38 व्होल्ट! तिथे 2-3 च्या वर नको. हिरव्या वायरचा माग काढला, तर ती खिडकीतून बाहेर जाऊन पेव्हर ब्लॉकखाली गडप. पार्किंग करताना गवंड्याने अर्थिंगचा खड्डाच बुजवला होता.

खड्डा बुजला की माती ओली ठेवायला त्यात पाणी घालणं बंद. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपभोवतीची माती सुटते आणि रेझिस्टन्स चढतो. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात अर्थिंगला कोण बादली ओतणार होतं? म्हणून मी रीडिंग एप्रिल-मेमध्ये घेतो. श्रावणात सगळ्यांचंच चांगलं येतं.

त्या पतसंस्थेच्या वायरमनचा तोडगा काय, तर सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकू, मीटर शून्य दाखवेल. दाखवेलच की! पण पुढे कधी न्यूट्रल तुटला तर रॅकच्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतात आणि दार उघडणारा चिकटतो. असल्या माणसाच्या हातात मी टेस्टरसुद्धा देत नाही. नवा खड्डा घेतला, झाकणाचा, आणि एसीच्या ड्रेनचा पाइप त्यातच सोडला. उन्हाळ्यात एसी जास्त चालतो आणि पाणीही तेव्हाच लागतं.

एसीवरून आठवलं, तो रॅकच्या डोक्यावर लावू नका. ड्रेन धुळीने तुंबला की पाणी सरळ स्विचवर. समोरच्या बाजूला घ्या. बहुतेक सामान पुढून हवा ओढून मागे फेकतं. लाईट गेल्यावर यूपीएसवर रॅक चालू राहतो, एसी बंद पडतो, आणि मे महिन्यातल्या परभणीत बंद खोलीचं काय होतं ते सांगायला नको. एक्झॉस्ट फॅन यूपीएसवर घ्या.

42 यूचा (यू म्हणजे रॅकच्या उंचीचं माप) रॅक चाकांसकट दोन मीटरच्या आसपास जातो, दाराची चौकट आधी मोजा. रॅकची पुढून मागे खोलीही (डेप्थ) मोजा : सामानाच्या मागे केबल वळायला वीतभर जागा लागते. रॅक भिंतीला टेकवून लावणाऱ्यांनी मागचं पॅच पॅनल (केबलची टोकं जोडायची पट्टी) स्वतः पंच करून, म्हणजे तारा त्यात दाबून बसवून, दाखवावं. वॉल रॅक पीओपीच्या पार्टिशनवर नको. यूपीएस आणि बॅटऱ्या सगळ्यात खाली. लाईटची वायर आणि नेटवर्कची कॅट सिक्स केबल एकाच पाइपमधून ओढू नका, कितीही घाई असली तरी.

आणि खोक्यांना हात रंगारी, फरशीवाला गेल्यावरच लावायचा. "झाकून ठेवतो ना साहेब" यावर विश्वास ठेवू नका. कटरची धूळ प्लास्टिकखालूनही पंख्यात शिरते. मी खोली स्वतः ओल्या फडक्याने पुसून घेतो, मगच खोकं फोडतो.