धडधड झाली की लगेच 'पॅनिक' म्हणू नका: या चुका टाळा

22 वर्षं मी ईसीजीच्या पट्ट्या काढतेय, त्यातली बरीचशी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका छोट्या दवाखान्यात. आजूबाजूला अभ्यासिका आणि मेस, त्यामुळे 'छातीत धडधडतंय' म्हणणारी पंचविशीतली मुलं रोजचीच. निदान डॉक्टर करतात, मी फक्त पट्टी काढते. पण त्याच त्या चुका बघून आता राहवत नाही.

पहिली आणि माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी: धडधड थांबल्यावर ईसीजी काढायचा आणि नॉर्मल आला की विषय संपवायचा. साधा ईसीजी म्हणजे जेमतेम 10 सेकंदांची नोंद. काल रात्री बसमध्ये काय झालं ते तिला कसं कळणार? दाराबाहेर पाटीच लावावीशी वाटते: 'धडधड घरी ठेवून येणाऱ्यांना धडधडीचा ईसीजी मिळणार नाही.'

स्पर्धा परीक्षा देणारी एक मुलगी दोन वर्षांत चारदा आली. चारही पट्ट्या स्वच्छ. परीक्षेचं टेन्शन, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. खोटं कशाला बोलू, 'अगं, जरा प्राणायाम करत जा' हा शहाणपणा मीही शिकवला होता. पाचव्यांदा ती समोरच्या अभ्यासिकेतून धडधड चालू असतानाच आली. ठोके मिनिटाला 190, आणि सगळे एकसारख्या अंतरावर. एसव्हीटी. म्हणजे हृदयातला विजेचा प्रवाह एका जादा वाटेने गोल गोल फिरत बसतो. डॉक्टरांनी तिला रिकाम्या सिरिंजमध्ये 15 सेकंद जोर लावून फुंकायला लावलं, लगेच आडवं करून पाय वर धरले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ठोके 90 वर आले. मग ती म्हणाली, "नेहमी असंच होतं. बटण दाबल्यासारखं सुरू, तसंच बंद. मानेतही उडतं. नंतर सारखं लघवीला जावं लागतं." दोन वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा. पुढे तिची ॲब्लेशन झाली, म्हणजे ती जादा वाट नळीने आत जाऊन कायमची बंद करतात.

पॅनिकची, म्हणजे अचानक येणाऱ्या जबर भीतीच्या झटक्याची, चाल वेगळी. धडधड चढत जाते, साधारण 10 मिनिटांत टोकाला पोचते आणि हळूहळू ओसरते. ठोके बहुधा 100 ते 140 च्या घरात. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. पण 'भीती वाटली, म्हणजे पॅनिकच' हा हिशेब चुकीचा. 190 ठोके पडायला लागले तर कुणाचीही गाळण उडेल. 1997 मध्ये अमेरिकेत एसव्हीटीचे 107 रुग्ण तपासले, तेव्हा त्यातले 67 टक्के पॅनिकच्या निकषांत चपखल बसत होते.

माझी सवय सांगते. मी पेशंटला म्हणते, धडधड कशी होते ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा. एकसारखं भरभर वाजवतात, एखादा ठोका चुकवून मग जोरात एक मारतात, की नुसताच गोंधळ, यावरून बरंच कळतं. आणि वहीत लिहा: कधी सुरू झालं, तेव्हा काय करत होतात, कसं थांबलं. रोज होत असेल तर 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून फिरायचं ईसीजीचं छोटं यंत्र, कामाचा. महिन्यातून एकदा होत असेल तर तो लावून पैसे वाया. तेव्हा जास्त दिवसांचा मॉनिटर विचारा.

नाडी 15 सेकंद मोजून चाराने गुणू नका, पूर्ण मिनिट मोजा. सिंहगड चढताना सैल घड्याळाने 180 दाखवले म्हणून घाबरू नका, कधी कधी ते तुमची पावलंच मोजत असतं. 'पित्त झालंय' म्हणून सोडा पिऊन वाट बघू नका. शेजारच्या काकूंची प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे ठोके कमी करणारी गोळी, तर अजिबात नको, दम्याच्या माणसाला ती भलतीच महागात पडते. धडधड थांबवायला व्हिडिओ बघून मान चोळणाऱ्या उतावळ्यांना मी काही बोलत नाही, फक्त बघते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्या.

उलटी चूकही आहेच. पॅनिक म्हटलं की घरचे 'म्हणजे काही नाही ना' म्हणतात. काही नाही कसं? त्यावर उपचार आहेत, घ्या. पाचवी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून ते बरं होत नाही.

धडधडीत शुद्ध हरपली, पळताना भोवळ आली, छातीत दुखलं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर हे सगळं वाचत बसू नका. धडधड चालू असेल तर 108 लावा, थांबली असेल तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि कृपा करून ईसीजीला येताना छातीला बाम चोळून येऊ नका. छातीला लावायचे रबरी बल्ब निसटतात, आणि पट्टी नीट येत नाही म्हणून माझ्याकडेच बघता.