डिस्कव्हरी ३ चा एअर कॉम्प्रेसर थांबतच नाहीये? आधी एवढं करा

गाडी बंद, चावी खिशात, तुम्ही घरात येऊन चहा टाकलाय आणि बाहेरून घर्रर्र चालूच. हा आवाज कॉम्प्रेसरचा, म्हणजे गाडी ज्या एअर स्प्रिंगवर (हवेच्या फुग्यांवर) उभी असते त्यांत हवा भरणाऱ्या पंपाचा. इथे इंग्लंडमध्ये लँड रोव्हरच्या जुन्या डिस्कव्हरी ३ (२००४ ते २००९ वाल्या, अमेरिकेत हिलाच एलआर३ म्हणतात) बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात म्हणून आपल्यातले बरेच जण घेतात, मी पण घेतली, आणि वय झालेल्या गाडीचा हा आवाज कधीतरी ऐकू येतोच. गाडी थांबवल्यावर कॉम्प्रेसर थोडा वेळ चालला तर काळजी नको, टाकीत हवा भरत असतो. पण पाच-दहा मिनिटं झाली तरी थांबेना तर बाहेर जा, सकाळपर्यंत वाट बघू नका, कारण एकतर कॉम्प्रेसरची मोटर जळेल नाहीतर बॅटरी झोपेल, बऱ्याचदा दोन्ही.

होतं काय, तर कॉम्प्रेसरला करंट देणारा रिले (इशाऱ्यावर चालू-बंद होणारा छोटा स्विच) आतून चिकटतो. तापल्यावर कॉम्प्रेसर बंद करायची अक्कल सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरला आहे, पण रिलेच चिकटला तर ते बिचारं कितीही बंद म्हणू दे, करंट जातच राहतो.

आता काम. बॉनेट उघडा, फ्यूजबॉक्सचं झाकण काढा, तक्त्यात एअर सस्पेन्शन कॉम्प्रेसरचा रिले शोधा. नंबर मी मुद्दाम देत नाही, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला तक्ता बघा. हात लावायच्या आधी तो किती तापलाय बघा, माझा एवढा गरम होता की बोट लावून झटक्यात मागे घेतलं, म्हणून रबरी मुठीची पक्कड घ्या. आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन टिचक्या मारून बघा, कधीकधी तेवढ्यावर सुटतो आणि आवाज बंद होतो, पण तो बरा झाला असं समजू नका, उद्या परत चिकटणार, काढायचाच. नाहीच सुटला आणि मोटर चालूच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा मग रिले उपटा, म्हणजे रिलेपाशी ठिणगी उडत नाही.

आवाज थांबला. इथेच बहुतेक लोक झोपायला जातात, मी पण गेलो होतो. सकाळी बघतो तर गाडी पोटावर बसलेली, टायरवर मडगार्ड टेकायचंच बाकी, टो करायला आलेला माणूस जॅक कुठून घालू म्हणून डोकं खाजवतोय.

कारण असं की रिले काढल्याने फक्त हवा भरणं बंद होतं, सोडणं नाही. हवा बाहेर टाकायचा व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरच्याच अंगावर असला तरी त्याला करंट थेट कंट्रोल युनिटकडून येतो. आणि हे युनिट गाडी बंद केल्यावर दोन तासांनी आणि मग दर सहा तासांनी जागं होऊन गाडी समतल आहे का ते तपासतं. एक कोपरा जरा लीक होऊन खाली गेला की बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला आणायला हवा सोडतं. भरता येत नाही, सोडता येते, मग रात्रभरात गाडी पायरी पायरीने खालीच जाणार ना.

म्हणून रिलेबरोबर सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटचा फ्यूजही काढा, गाडी नॉर्मल उंचीवर असतानाच. चारही कोपऱ्यांचे व्हॉल्व्ह करंट नसला की बंद राहतात, त्यामुळे हवा आहे तिथे अडकून राहते. डॅशबोर्डवर दिवाळी होईल, सस्पेन्शनचा दिवा, हिल डिसेंट (उतारावर वेग आवरणारी सोय) नाही, असले बरेच मेसेज येतील, येऊ देत. मात्र ताशी ५० किमीच्या वर जाऊ नका (इथल्या भाषेत ३० मैल), सामान भरू नका, आणि खडबडीत रस्त्याचा तर विचारच नको. ही सोय गॅरेजपर्यंत जायची आहे, महिनाभर फिरायची नाही. कुठला कोपरा जोरात लीक असेल तर तो तरीही बसेल, अशा वेळी गाडी उचलून न्यायलाच सांगा.

कॉम्प्रेसर स्वतः बघायचाय का? तो डाव्या बाजूला, मागच्या दाराच्या खाली, चासीच्या बाहेरच्या अंगाला प्लास्टिकच्या कव्हरमध्ये असतो. पण खाली शिरायच्या आधी ऐका, हवेवर उभ्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर हात सुद्धा घालू नका. एक पाइप सुटला की दोन टनांच्या वर वजन सेकंदात खाली येतं. चासीखाली जॅक स्टँड, आपल्याकडे घोडी म्हणतात ती, नीट लावा, मगच कव्हर खोला, कॉम्प्रेसरच्या वायरचा जाडा प्लग ओढून काढा आणि त्याचं तोंड टेप लावून बंद करा, खाली चिखल-पाणी उडतं.

नवीन कॉम्प्रेसर टाकणार असाल तर रिले नवीन टाकाच. मी ज्या गॅरेजमध्ये गेलो त्यांनी जुनाच रिले परत बसवायला काढला होता, मी समोर उभा होतो म्हणून दिसलं. कितीतरी पटीने महाग वस्तू जुन्या रिलेच्या हवाली करायची म्हणजे कमाल आहे. आणि कॉम्प्रेसर कशामुळे थकला ते पण शोधा, नुसता रिले नसतो दरवेळी. साबणाचं पाणी करून एअर स्प्रिंग आणि पाइपच्या जोडांवर लावा, बुडबुडे आले की लीक तिथेच. तो लीक तसाच ठेवला तर नवीन कॉम्प्रेसरही दिवसभर धापाच टाकेल.

ऑफ-रोडला जाणारे बरेच जण चारही कोपऱ्यांच्या पाइपमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून टायरसारखा व्हॉल्व्ह बसवतात, म्हणजे कॉम्प्रेसर मेला तरी पंपाने हवा भरून घरी येता येतं. मी पुढच्या सुट्टीत तेच करतोय, पाइप आणि टी आणून ठेवलेत.