वेगवेगळ्या काळातले आइस हॉकीचे गोल स्कोअरर कंपेअर कसे करायचे

६ एप्रिल २०२५ ला अ‍ॅलेक्स ओव्हेच्किनने आयलँडर्स टीमच्या गोलकीपर इल्या सोरोकिनवर ८९५ वा गोल मारला आणि वेन ग्रेट्झकीचा ८९४ चा रेकॉर्ड गेला, आणि मग तोच जुना वाद परत सुरू झाला की खरा भारी गोल स्कोअरर कोण. गंमत बघा, ओव्हेच्किनची ती १४८७ वी मॅच होती आणि ग्रेट्झकीचं एनएचएलमधलं (अमेरिका-कॅनडाची मोठी आइस हॉकी लीग) अख्खं करिअर पण बरोब्बर १४८७ मॅचेसचं. मॅचेस सेम, गोल एक जास्त, विषय संपला असं वाटतं, पण संपत नाही, कारण एक जण खेळला तेव्हा गोल पडायचे धो धो आणि दुसरा खेळतोय तो काळ बऱ्यापैकी कंजूष.

तर हे कंपेरिझन नीट कसं करायचं ते सांगतो. कॅल्क्युलेटर लागेल, बाकी काही नाही.

पहिली गोष्ट, आपण नक्की काय विचारतोय ते ठरवा, नाहीतर दोघं तासभर भांडतात आणि दोघं वेगळ्याच प्रश्नाची उत्तरं देत असतात. एका सीझनमध्ये सगळ्यात भारी कोण हा एक प्रश्न, दर मॅचला सगळ्यात जास्त गोल कोणाचे हा दुसरा, आणि सगळ्यात जास्त वर्षं सातत्याने कोणी मारले हा तिसरा. तिन्हीची उत्तरं वेगळी येतात आणि यायलाच पाहिजेत.

आता मेन काम. त्या सीझनला पूर्ण लीगमध्ये एका मॅचला दोन्ही टीमचे मिळून सरासरी किती गोल व्हायचे ते शोधा. जुना पगार आणि आजचा पगार शेजारी ठेवताना आपण महागाई धरतोच ना, तसंच हे. १९८१-८२ मध्ये ही सरासरी ८ च्या आसपास होती. २००३-०४ मध्ये ५ च्या जरा वर, म्हणजे तो सीझन इतका कोरडा की इगिन्ला, नॅश आणि कोवालचुक तिघांनी ४१-४१ गोलवर रॉकेट रिचर्ड ट्रॉफी, म्हणजे सीझनमध्ये सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याची ट्रॉफी, वाटून घेतली. आणि १९२८-२९ तर विचारूच नका, सरासरी ३ च्या पण खाली, माँट्रियलचा गोलकीपर जॉर्ज हेन्सवर्थने ४४ मॅचेसमध्ये २२ शटआउट केले, म्हणजे त्या मॅचेसमध्ये एकही गोल खाल्ला नाही, आणि लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल होते एस बेलीचे, फक्त २२. पुढच्याच सीझनला मैदानाच्या तिन्ही झोनमध्ये (आपला, मधला, समोरच्यांचा) पुढे पास द्यायला परवानगी मिळाली आणि कूनी वायलंडने ४४ मॅचेसमध्ये ४३ मारले. बेलीपेक्षा दुप्पट भारी शूटर एका वर्षात पैदा झाला असं थोडीच आहे, नियम बदलला.

हिशोब असा करायचा. खेळाडूचे गोल घ्या, त्याला ६ ने गुणा, त्या सीझनच्या सरासरीने भागा. ६ का, तर सुटसुटीत आकडा आहे आणि आजच्या काळाच्या जवळ आहे, तुम्ही दुसरा घेतलात तरी चालेल फक्त सगळ्यांना तोच लावा. मग सीझन ८२ मॅचेसचा नसेल तर ८२ ने गुणून त्या सीझनच्या मॅचेसने भागा. करूनच बघू. ग्रेट्झकी १९८१-८२, ९२ गोल, ८० मॅचेस: ९२ गुणिले ६ भागिले ८ म्हणजे ६९, त्याला ८२ ने गुणून ८० ने भागलं की जवळपास ७१. आता ओव्हेच्किन २००७-०८, ६५ गोल, ८२ मॅचेस, सरासरी साडेपाचच्या आसपास: ६५ गुणिले ६ भागिले साडेपाच, जवळपास ७१. बघितलंत? ९२ आणि ६५ मध्ये २७ गोलचा फरक होता तो हवेत विरला. सरासरी मी ढोबळ धरलीये त्यामुळे गोल-दीड गोल इकडेतिकडे होईल, पण दोन्ही सीझन एकाच मापाचे आहेत हे नक्की.

ह्याच हिशोबात गॉर्डी हाऊ घाला, १९५२-५३, ७० मॅचेसमध्ये ४९ गोल, सरासरी ४.८ च्या आसपास. उत्तर येतं ७२ च्या जवळ. नुसतं ४९ वाचून लोक हा सीझन बघत पण नाहीत, आणि हाऊ त्या दोघांच्या मांडीला मांडी लावून बसतो. आणि माझ्या मते सगळ्यात अंडररेटेड म्हणजे ब्रेट हल १९९०-९१, ८६ गोल, सरासरी ६.९ धरली तर उत्तर ७६-७७ येतं, सगळ्यांच्या वर. त्याच्याबद्दल बोलताना लोक एकतर त्याचे वडील बॉबी हल काढतात नाहीतर ग्रेट्झकीच्या ९२ ला पोचला नाही म्हणतात, अरे पण कुठल्या काळात ते तरी बघा.

पण हे सूत्र डोळे मिटून वापरू नका. जो मलोन, १९१७-१८, एनएचएलचा पहिलाच सीझन, २० मॅचेसमध्ये ४४ गोल. सूत्रात टाकलं की शंभरच्या आसपास काहीतरी येतं, जे वेडेपणाचं आहे. तेव्हा लीग चार टीमने सुरू झाली, जानेवारीत माँट्रियलचं रिंक जळालं आणि वाँडरर्स टीमच बंद पडली, उरल्या तीन. सीझनच्या सुरुवातीला तर गोलकीपरने शॉट अडवायला बर्फावर पडायचंच नाही असा नियम होता, तो जानेवारी १९१८ मध्ये काढला. वरून वीस-बावीस मॅचेसचा फॉर्म ८२ पर्यंत ताणायचा म्हणजे चार पट फुगवणं. माझा साधा नियम आहे, दीड पटीपेक्षा जास्त ताणावं लागत असेल तर उत्तर फक्त मजेसाठी धरायचं. मॉरिस रिचर्डचे १९४४-४५ चे ५० मॅचेसमधले ५० गोल पण ह्या रेषेच्या जरा पलीकडेच जातात, उत्तर ६७ च्या आसपास येतं पण ते जरा सैल हाताने धरा. त्यात महायुद्ध चालू होतं, बरेच खेळाडू सैन्यात गेलेले, म्हणून तेव्हापासून लोक म्हणत आलेत की समोर कोणी नव्हतंच. ह्यावर उत्तर सोपं आहे, युद्ध संपल्यावर सगळे परत आल्यावर काय केलं ते बघा. १९४६-४७ मध्ये ६० मॅचेसमध्ये ४५, आणि लीगमध्ये पहिला. झालं.

दुसरी चाचणी मला पहिलीपेक्षा जास्त आवडते, आणि ती म्हणजे त्याच सीझनच्या दुसऱ्या नंबरवाल्याशी तुलना. काळ सेम, गोलकीपर सेम, नियम सेम, त्यामुळे कसलंच गुणाकार-भागाकाराचं नाटक नाही. ब्रेट हल ८६ आणि त्याच्यानंतरचे ५१, म्हणजे ३५ गोलची आघाडी, जवळपास पावणेदोन पट. रिचर्ड ५०, दुसरा ३२. हाऊ ४९, दुसरा त्याचाच लाइनमेट टेड लिंडसे ३२. ग्रेट्झकी ९२, दुसरा माइक बॉसी ६४. ओव्हेच्किन ६५, दुसरा कोवालचुक ५२. इथे ओव्हेच्किन जरा मागे पडतो, पण लीग ३० टीमची आणि स्वीडन, फिनलंड, रशिया, चेक, अमेरिका सगळीकडून खेळाडू आलेले, दुसऱ्या नंबरला कोणीतरी तगडा असणारच. हाऊच्या वेळी सहा टीम आणि जवळपास सगळे कॅनडाचे. मग कोणी म्हणेल सहाच टीम म्हणजे सहाच बेस्ट गोलकीपर, रोज तेच समोर, एकेका टीमशी १४-१४ मॅचेस. ते पण खरंच आहे. ह्या मुद्द्यावर वाद कधी मिटणार नाही, मी तरी दोन्ही बाजू समसमान धरून पुढे जातो.

फक्त दुसऱ्या नंबरवाल्याची चाचणी लावताना तो दुसरा नंबर कोण आहे ते बघायला विसरू नका. १९८८-८९ मध्ये मारिओ लेम्यू ८५ आणि दुसरा बर्नी निकल्स ७०, फक्त १५ चा फरक, लेम्यू साधा वाटायला लागतो. पण निकल्सच्या टीममध्ये त्याच वर्षी कोण आलं होतं? ग्रेट्झकी, एडमंटनहून लॉस एंजेलिसला. शेजारी असला पास देणारा आला की आकडे फुगतातच. फिल एस्पोझिटोचं पण तसंच, १९७०-७१ मध्ये ७६ मारले आणि दुसरा नंबर त्याच्याच टीमचा जॉन ब्युसिक ५१ वर, दोघांच्या मागे डिफेन्समध्ये बॉबी ऑर, तो पण असाच पास देणारा. शंका असेल तर दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतची सरासरी काढा, एकट्या दुकट्याचा फुगवटा आपोआप बसतो.

आता शॉट्स. हे जुन्या काळासाठी मिळत नाहीत पण ज्यांचे मिळतात त्यांचे जरूर बघा, कारण इथे गोलकीपरचा काळ दिसतो. ग्रेट्झकीने ९२ गोल ३६९ शॉट्समध्ये मारले, म्हणजे दर चार शॉटला एक गोल. ओव्हेच्किनला ६५ साठी ४४६ शॉट्स लागले, आणि पुढच्या सीझनला ५२८ शॉट्स मारून ५६ गोल. ग्रेट्झकीचा नेम जास्त चांगला होता का, असेलही थोडा, पण मोठं कारण समोर उभा असलेला माणूस. ऐंशीच्या दशकात गोलकीपर बहुतेक उभे राहून खेळायचे, पॅड लहान, आणि शंभरातले ८७-८८ शॉट अडवले तरी तो ठीकठाक गोलकीपर. मग गोलकीपर पॅट्रिक रॉयची बटरफ्लाय स्टाइल, म्हणजे गुडघ्यांवर बसून पाय दोन्हीकडे पसरून खालचं जाळं झाकायची, सगळ्यांनी उचलली, पॅड वाढत गेले, आणि २००० नंतर शंभरात ९१ अडवणं नॉर्मल झालं. आकडा छोटा वाटतो पण आधी शंभरातले १२-१३ आत जायचे ते ९ वर आले, हा फरक प्रचंड आहे. आणि हाऊने सुरुवात केली तेव्हा गोलकीपरच्या तोंडावर मास्कच नव्हता, जाक प्लांटने तो मॅचमध्ये घालायला सुरुवात केली १ नोव्हेंबर १९५९ ला. उघड्या तोंडाने गर्दीत खाली वाकून पक शोधायचा म्हणजे काय जिगर लागत असेल, विचार करा.

दर मॅच गोल हा आकडा लोक फार फेकतात. बॉसी ७५२ मॅचेसमध्ये ५७३, म्हणजे ०.७६. लेम्यू ९१५ मध्ये ६९०, ०.७५. ग्रेट्झकी ०.६०, ओव्हेच्किन पण तेवढाच. म्हणजे बॉसी सगळ्यात भारी? थांबा. बॉसी पाठीच्या दुखण्यामुळे १९८७ नंतर खेळलाच नाही, वय तिशीचं, उतरती वर्षं त्याच्या हिशोबात आलीच नाहीत. ग्रेट्झकीची फक्त एडमंटनची वर्षं काढा, ६९६ मॅचेसमध्ये ५८३ गोल, बॉसीपेक्षा कमी मॅचेस आणि जास्त गोल. पुढच्या ७९१ मॅचेसमध्ये ३११ आले म्हणून सरासरी पडली. म्हणून दर मॅचचा आकडा लावायचा तर दोघांच्या सारख्याच मॅचेसवर लावा, पहिल्या ७०० वर म्हणा किंवा तिशीपर्यंतच्या, नाहीतर जो जास्त खेळला त्याला जास्त खेळल्याची शिक्षा होते. बॉसीला ह्यात कमी लेखत नाहीये, ओळीने नऊ सीझन ५० च्या वर ही काय चेष्टा नाही.

टिकण्याच्या प्रश्नात मात्र माझ्या डोक्यात दोनच नावं येतात. ओव्हेच्किनने ३६ व्या वर्षी ५० मारले, ३९ व्या वर्षी पाय मोडून परत येऊन सीझनमध्ये ४४, नऊ वेळा लीगमध्ये पहिला, आणि हे सगळं कंजूष काळात. वरून २०१२-१३ चा सीझन लॉकआउटमुळे (मालक-खेळाडूंच्या करारावरून लीग बंद) ४८ मॅचेसचा, मग कोविडचे दोन तुटलेले सीझन. आणि दुसरा हाऊ, १७६७ मॅचेस, ८०१ गोल, वयाच्या ५१ व्या वर्षी हार्टफर्डकडून ८० च्या ८० मॅचेस खेळून १५ गोल. लॉकआउटने किंवा दुखापतीने गेलेल्या मॅचेसचे गोल मनाने जोडत बसू नका बरं का, नाहीतर लेम्यूचे फॅन येऊन बाराशे गोल सिद्ध करतील. गेलेल्या मॅचेस शेजारी नोंदवून ठेवा, बेरजेत घेऊ नका.

बारीकसारीक गोष्टी पटकन. शूटआउटमधले (मॅच बरोबरीत राहिली की एकेकट्याने मारायचे) गोल खेळाडूच्या नावावर धरतच नाहीत त्यामुळे ती चिंता नको. ओव्हेच्किनचे रिकाम्या जाळीतले गोल खूप आहेत म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक आठवण द्या, रिकाम्या जाळीतल्या गोलचा आधीचा रेकॉर्ड पण ग्रेट्झकीचाच होता, आणि ग्रेट्झकीचे ते प्रसिद्ध ३९ मॅचेसमधले ५० गोल, त्यातला पन्नासावा फिलाडेल्फियाच्या रिकाम्या जाळीतच गेला होता. पॉवर प्लेचे (समोरच्यांचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असतानाचे) गोल वेगळे काढायचे तर सगळ्यांचे काढा. प्लेऑफचे (सीझननंतरच्या बाद फेरीचे) गोल वेगळ्या रकान्यात, तिथे ग्रेट्झकी १२२ वर सगळ्यांच्या पुढे आहे.

आणि डब्ल्यूएचए. १९७२ ते १९७९ ही दुसरी लीग चालली, बॉबी हलचे तिथे ३०३ गोल आणि एनएचएलमध्ये ६१०, बेरीज ९१३. हाऊचे तिथे १७४, म्हणजे एकूण ९७५. ते गोल खोटे नाहीत पण ती लीग एनएचएलएवढी तगडी पण नव्हती, म्हणून मी ते एनएचएलच्या आकड्यात मिसळत नाही, शेजारी लिहितो. समोरचा मिसळत असेल तर त्याला ग्रेट्झकीचे तिथले ४६ पण मिसळायला लावा.

सगळं लावून माझं उत्तर विचाराल तर एका सीझनसाठी ब्रेट हलचा १९९०-९१, पूर्ण करिअरसाठी ओव्हेच्किन आणि त्याच्या अगदी मागे हाऊ. ग्रेट्झकी तिसरा, आणि त्याच्या फॅन्सनी लगेच चिडू नये, त्याच्या नावावर १९६३ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास) आहेत, गोल मारणं हे त्याचं दोन नंबरचं काम होतं.